आधी मोजा, मग खोदा : कातळातलं भूजल गावानं कसं समजून घ्यावं

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात पाण्याचं काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य असोत, जलसुरक्षक असोत, बचत गटातल्या बायका असोत की पुण्याहून गावी परतलेली पोरं असोत, सुरुवात बहुधा सारखीच होते. विहिरी आटल्या म्हणून कुणी बोअरची गाडी बोलावतं, कुणी ओढ्यात जेसीबी उतरवतं. खडकात पाणी किती आहे, ते दरवर्षी किती भरतं आणि आपण किती उपसतो, हे तीन आकडे मात्र गावात कुणाकडे नसतात. ते आकडे मिळवायला मोठा खर्च लागत नाही. एक टेप, एक वही, एक पर्जन्यमापक आणि वर्षभर न कंटाळता नोंद ठेवणारी दोन-तीन माणसं लागतात.

सातारा आणि सांगली हे जिल्हे पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्यानं कोरडे होत जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. पूर्वेकडच्या तालुक्यांत जून-जुलै अनेकदा नुसतं ढग दाखवून जातात आणि खरा भरवसा सप्टेंबरच्या पावसावर असतो. म्हणून इथल्या पाण्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते जूनमध्ये सुरू होतं आणि त्याचा पहिला ताळा ऑक्टोबरात बसतो. ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानापासून पाळा.

पहिलं काम : खडक वाचायला शिका

आपल्या पायाखालचा खडक बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि थंड झाला. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग याच खडकाचा आहे. प्रत्येक थर थंड होताना आतला वायू वर चढला, त्यामुळे थराचा वरचा भाग पोकळ्यापोकळ्यांचा झाला आणि मधला-खालचा भाग घट्ट राहिला. तव्यावरची भाकरी फुगताना वाफ वर येऊन पापुद्रा सुटतो, साधारण तसंच. पोकळ्यांच्या भागाला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात आणि घट्ट भागाला काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातकट पट्टा लागतो, त्याला गावात गेरू म्हणतात. सर्वांत वर माती, तिच्याखाली खडक झिजून झालेला मुरूम.

पाणी साठतं ते मुख्यतः मुरमात, फुटलेल्या मांजऱ्यात आणि पाषाणाच्या फटींमध्ये. अखंड काळ्या पाषाणात थेंबही नसतो. मांजऱ्या दिसला म्हणजे पाणी लागलंच असंही नाही, कारण त्याच्या पोकळ्या बऱ्याचदा पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरून बंद झालेल्या असतात. तो झिजलेला किंवा तडकलेला असेल तरच पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी वाहतं. गेरूचा थर चिकणमातीसारखा असल्यानं वरचं पाणी त्याच्यावर अडतं. बोअर घेताना हाच थर ढासळतो आणि पाईप अडकतात. ज्या खडकात पाणी साठतं आणि वाहतं त्या भागाला जलधर म्हणतात. आपला जलधर गंगेच्या मैदानासारखा शेकडो किलोमीटर सलग पसरलेला नाही. एका ओढ्याच्या खोऱ्यापुरता, कधी तर दोन-तीन वाड्यांपुरताच तो असतो. त्यामुळे शेजारच्या गावाचा आकडा आपल्याला चालत नाही, आणि आपलं पाणी कुणी दूरचा पळवून नेतो असंही सहसा नसतं. ते पितो आपणच.

हे सगळं पुस्तकापेक्षा विहिरीत चांगलं दिसतं. मे महिन्यात, पाणी तळाला असताना, न बांधलेल्या आठ-दहा विहिरींच्या काठावर जा. वरून खाली काय काय दिसतं ते लिहा : माती किती फूट, मुरूम किती, मांजऱ्या कुठून कुठपर्यंत, पाषाण कुठं लागला, झरा कोणत्या थरातून येतो. भिंतीवर ओलीची रेघ कुठं आहे तेही पाहा. विहीर खोदलेल्या जुन्या माणसांना विचारा. त्यांना खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, आठवते आणि झरा कोणत्या बाजूनं फुटला हेही. ओढ्याचा तळ, रस्त्यासाठी फोडलेली टेकडी, विहिरीशेजारचा दगडांचा ढीग, सगळीकडे तेच थर पुन्हा दिसतील. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असल्यानं एका विहिरीत तीस फुटांवर लागलेला मांजऱ्या खालच्या अंगाच्या विहिरीत वीस फुटांवर सापडतो, कारण जमीनच तितकी उतरलेली असते. चार विहिरी अशा जुळल्या की कागदावर शिवाराचा उभा छेद काढता येतो. हा छेद हाती आला की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

बोअरचा खडक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गावात जेव्हा बोअर पडेल तेव्हा एकानं तिथं उभं राहावं, दर दहा फुटांना बाहेर पडणारा चुरा प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत भरावा आणि पिशवीवर खोली लिहावी. पाणी कितव्या फुटाला लागलं आणि किती इंच, तेही लिहावं. कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद तर आवर्जून ठेवा. गावाच्या पैशानं केलेला तो सर्वांत महागडा अभ्यास असतो आणि आपण तो दुसऱ्या दिवशी विसरून जातो.

निरीक्षण विहिरी निवडणं

सगळ्या विहिरी मोजायची गरज नाही. साधारण हजार हेक्टरच्या शिवाराला आठ ते बारा विहिरी पुरतात, फक्त निवड नीट हवी. माथ्याजवळच्या दोन-तीन, मधल्या उताराच्या तीन-चार, ओढ्याकाठच्या दोन-तीन. गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर त्यात हवीच. पाझर तलावाच्या किंवा कालव्याच्या अगदी खाली असलेली एखादी घ्या, पण तिच्यापुढे खूण करा, कारण ती तलावाची पातळी सांगेल, शिवाराची नाही. राजेवाडी किंवा नेर तलावाच्या खालच्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. जिचा मालक मोजायला येऊ देतो अशीच विहीर निवडा. पुढं तीच टिकते.

बोअरची पातळी वेगळी नोंदवा. विहीर वरच्या मुरूम-मांजऱ्याचं पाणी दाखवते आणि तीनशे-चारशे फुटी बोअर खालच्या फटींचं. दोन्हींची सरासरी काढली तर हाती आलेला आकडा दोघांपैकी कुणाचाच नसतो.

मोजण्याची रीत साधी आहे. टेपला खाली वजन बांधा. कठड्यावर ऑइल पेंटनं एक ठिपका करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून ठेवा आणि ती वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. मोजायची वेळ सकाळी, मोटर सुरू होण्याआधी. आदल्या रात्री वीज आली आणि पंप चालला असेल तर त्या दिवशी मोजू नका. नाइलाज असेल तर ‘पंप चालू होता’ असं शेजारी लिहा. बोअरसाठी जलपातळी मापक मिळतो : वायरच्या टोकाला पाणी लागलं की वाजतो. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते, त्यामुळे या योजनेतल्या गावांत असं उपकरण ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असण्याची शक्यता आहे. आधी ते शोधा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. गावानं निदान या चार वेळा चुकवू नयेत. महिन्याला एकदा जमलं तर उत्तम, आणि ऑक्टोबर ते जानेवारी पंधरवड्याला. जिल्ह्याच्या ठिकाणी या यंत्रणेचं कार्यालय आहे. तिथं जाऊन आपल्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीच्या मागच्या वर्षांच्या नोंदी मागा. तुमची वही आज सुरू होत असली तरी त्या नोंदींमुळे मागची दहा-वीस वर्षं तुमच्या हाती येतात.

पाऊस गावातच मोजा. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा पीकविम्याला चालतो, आपल्या हिशेबाला कमी पडतो, कारण इथला पाऊस एका ओढ्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही. शाळेच्या आवारात, झाड-भिंतीपासून लांब पर्जन्यमापक लावा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. सातवी-आठवीची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेटकं करतात.

विहिरीची ताकद

पातळी सांगते पाणी कुठं आहे. ते किती वेगानं परत येतं हे पाहायला उपसा-चाचणी करावी लागते. मार्चमध्ये एक सकाळ त्यासाठी द्या. आधी पातळी मोजा, मग पंप दोन-तीन तास चालवा. पंपाची धार दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये सोडून घड्याळ लावा. बॅरल तीस सेकंदांत भरला तर तासाला चोवीस हजार लिटर पाणी निघतंय. पंप बंद केल्यावर पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी आणि नंतर दर अर्ध्या तासानं पातळी वही-घड्याळ घेऊन नोंदवा.

समजा विहीर सहा मीटर व्यासाची आहे. तिच्यात एक मीटर पाणी म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. चार तासांत पातळी एक मीटर वीस सेंटिमीटर वर आली, तर चौतीस हजार लिटर आले, तासाला साडेआठ हजार. पंप ओढतो चोवीस हजार आणि झरा देतो साडेआठ हजार. या दोन आकड्यांवरून कळतं की पाच एचपीच्या जागी साडेसात एचपी बसवून एक थेंबही वाढणार नाही, विहीर फक्त लवकर कोरडी पडेल. हीच चाचणी ऑक्टोबरात पुन्हा करा आणि मालकाला दोन्ही आकडे दाखवा. आडवे बोअर मारावेत का, या प्रश्नाचं उत्तरही इथंच मिळतं. झरा ज्या थरातून येतो त्याच थरात मारलेले आडवे बोअर विहिरीला पाणी आणतात खरे, पण त्यातलं बरंचसं शेजारच्या विहिरीकडं जाणारं पाणी असतं.

आलेख काय बोलतो

वर्ष-दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की आलेख काढा. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर खोली वरून खाली, आणि वरच्या बाजूला पावसाचे दांडे. मोबाईलवर जमत असेल तर तिथं, नाहीतर आलेखाच्या कागदावर. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला तर सर्वांत चांगला. ‘पाणी खाली गेलं’ असं म्हणणारा माणूस बहुधा मे महिन्याबद्दल बोलत असतो. मे महिन्याची पातळी एकटी फारसं काही सांगत नाही. तीन गोष्टी तपासा.

ऑक्टोबरची पातळी दरवर्षी कुठं येते? पाऊस साधारण तितकाच असूनही ऑक्टोबरात विहिरी पूर्वीसारख्या भरत नसतील, तर एकतर पाणी मुरायची वाट बंद झाली आहे किंवा मागच्या वर्षाचा खड्डा इतका मोठा आहे की एका पावसात तो भरत नाही.

ऑक्टोबरात विहिरी तुडुंब भरतात, पण जानेवारीपर्यंतची उतरण दरवर्षी अधिक तीव्र होते? मग मुरण्यात खोट नाही. उपसा वाढला आहे. या गावात आणखी बंधारे बांधून काही होणार नाही, कारण खडक आधीच भरलेला होता. हे निदान झालं नाही म्हणून या भागात कितीतरी पैसा नको त्या जागी गेला आहे, आणि हे वेळेवर ओळखता यावं यासाठीच मी नोंदींचा इतका आग्रह धरतो.

विहिरी ठीक आहेत आणि बोअरची पातळी तेवढी दरवर्षी खाली जाते आहे? मग खालच्या फटींमधलं साठलेलं पाणी निघतंय. तिथं पाणी पोचायला फार वेळ लागतो. एका चांगल्या पावसानं ते भरून येईल या आशेवर कुणी द्राक्षबाग लावू नये.

गावाचा ताळेबंद

आता पाण्याचा हिशेब. एकक टीसीएम घ्या : एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. डोंगरउतार आणि उघडा कातळ सोडून शिवार एक हजार हेक्टर आहे असं धरू.

बेसॉल्टमध्ये शंभर घनमीटर खडकातून उपसता येण्याजोगं पाणी एक ते तीन घनमीटर असतं. देशभरच्या भूजल मोजणीत ते दोन टक्के धरतात. वाळूच्या गाळात हेच प्रमाण सोळापर्यंत जातं, म्हणून पंजाबातल्या शेतकऱ्याशी आपली तुलना होत नाही. मे ते ऑक्टोबर निरीक्षण विहिरींची पातळी सरासरी तीन मीटर वर आली असेल, तर एक कोटी चौरस मीटर गुणिले तीन गुणिले दोन टक्के : सहा लाख घनमीटर, ६०० टीसीएम.

दुसऱ्या बाजूनं पडताळा घ्या. पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे या शिवारावर ५,००० टीसीएम पाणी पडलं. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये त्यातलं सुमारे सात टक्के मुरतं, फटीयुक्त पोकळ बेसॉल्टमध्ये सुमारे तेरा टक्के. म्हणजे ३५० ते ६५० टीसीएम. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या जवळ आली की हिशेबावर भरवसा ठेवावा, आणि सावधपणे ५०० धरावेत. दोन्हींमध्ये दुप्पट-तिप्पट फरक पडला तर मोजणीत किंवा विहिरींच्या निवडीत चूक आहे. ती शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता खर्च. दोन हजार लोकवस्तीला माणशी दररोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला ४० टीसीएम. हजार मोठी जनावरं, दररोज पन्नास लिटर धरले तर १८. जून-जुलै कोरडा गेला तर म्हणून ४० शिल्लक. शेतीला उरले ४०० टीसीएम.

पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी सुमारे २५ टीसीएम लागतात. म्हणजे ४०० टीसीएममध्ये सोळा हेक्टर. अडीच हजार एकरांच्या शिवारात फक्त चाळीस एकर ऊस, आणि गावाचं शेतीचं सगळं भूजल संपलं. तेच पाणी रब्बी ज्वारीला सात सेंटिमीटरच्या दोन पाळ्यांनी दिलं तर सुमारे सातशे एकर भिजतं. पाटानं दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक काहीसा कमी भरेल. तरीही हे दोन आकडे शेजारी शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावा. मी कुणाला ऊस लावू नको असं सांगायला निघालेलो नाही. पण एकाचा चाळीस एकर ऊस म्हणजे कितीजणांची ज्वारी-हरभरा, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.

बागांचा हिशेब आधी मांडा, कारण त्यांना पाणी नाही म्हणता येत नाही. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये येते, म्हणजे पातळी सर्वांत खाली असताना. तासगाव-खानापूर भागात बागेचं क्षेत्र ठरवताना ऑक्टोबरची विहीर पाहून चालत नाही, मार्चची चाचणी पाहावी लागते. डाळिंबाला निवड आहे. मृग बहार धरला तर पाऊस मदतीला येतो, आंबे बहार धरला तर उन्हाळा अंगावर घ्यावा लागतो. आटपाडीच्या माणसाला हे मी सांगायला नको. नव्यानं बाग लावणाऱ्यानं त्यांना विचारावं.

ठिबकबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ठिबकनं एकरी पाणी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्यानं आणखी दोन एकर लावले, तर जलधरातून निघणारं पाणी तेवढंच राहतं, आणि पाटपाण्यातून जे परत मुरत होतं तेही थांबतं. क्षेत्र बांधून घेतलं तरच ठिबकची बचत गावाच्या वहीत दिसते. प्लास्टिकच्या शेततळ्याचंही तसंच. पावसाच्या वाहत्या पाण्यानं ते भरलं तर शिवाराला फायदा आहे. बोअरनं भरलं, तर सावलीत असलेलं पाणी उन्हात आणून ठेवल्यासारखं होतं, आणि उघड्या पाण्यावरून आपल्याकडे वर्षाला दीड ते दोन मीटर थर उडून जातो.

ग्रामसभेत मांडताना

हा ताळेबंद ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रब्बीच्या पेरणीआधी, ग्रामसभेत ठेवायचा. जानेवारीत मांडला तर तो फक्त दोष कुणाचा हे ठरवायला उपयोगी पडतो. पिकांचं क्षेत्र ई-पीक पाहणीतून आणि प्रत्यक्ष शिवारफेरीतून घ्या, विहिरी-बोअरची संख्या स्वतः मोजा. कागदावरची संख्या आणि रानातली संख्या जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

सभेत एक प्रश्न हमखास येतो : “बोअर माझ्या रानात, पैसा माझा, पाणी माझं. तुम्ही कोण विचारणार?” याला कायद्याचं कलम वाचून उत्तर देऊ नका. निरीक्षण विहिरींची वही उघडा. “तात्या, तुमचं बोअर सुरू झालं त्या आठवड्यात खालच्या तीन विहिरी इतक्या उतरल्या, ही बघा तारीख,” असं दाखवता आलं तर वाद कमी होतो. नाव न घेता दाखवता आलं तर आणखी बरं. सभेत बायका असल्या पाहिजेत. एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत कोण उभं राहतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि पिण्याचं पाणी आधी राखून ठेवण्याचा मुद्दा त्यांच्याइतक्या ठामपणे दुसरं कुणी मांडत नाही.

गावानं स्वतःहून पाळायचे नियम थोडे आणि तपासता येण्यासारखे असावेत. पिण्याच्या विहिरीच्या परिसरात नवा उपसा नाही. बारमाही पिकाचं एकूण क्षेत्र ताळेबंदात ठरेल तेवढंच. दोन शेतकऱ्यांनी एक विहीर वापरली तर नव्या बोअरची गरज नाही. कायदा यांच्या पाठीशी आहे : महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला त्यात बंधन आहे, आणि शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेण्याला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आपल्या रानातल्या बोअरची खोली त्याशेजारी लिहून पाहा.

ही मर्यादा उगाच घातलेली नाही. खोल बोअर केसिंग (भोकात बसवायचा पाईप) न घालता उघडं सोडलं, तर वरच्या मुरूम-मांजऱ्यातलं पाणी त्या भोकातून खाली उतरतं आणि भोवतीच्या विहिरी एका हंगामात बसतात. बोअर घेणं भागच असेल तर निदान झिजलेल्या थराच्या खालपर्यंत पक्कं केसिंग घाला. जागा ठरवायला पाणाड्या नारळ घेऊन येतो. त्याच्याबद्दल गावात आदर असतो, त्याला तोडून बोलायचं कारण नाही. पण नारळ उभा राहण्याचा खडकाच्या थरांशी संबंध सिद्ध झालेला नाही, आणि तुमच्या हातातल्या छेदाचा आहे. छेदावरून जागा ठरवा. शंका उरली तर भूजल यंत्रणेकडून विद्युत रोधकता चाचणी (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखण्याची) करून घ्या.

मुरवायचं कुठं

जलसंधारणाचं काम या मातीला नवीन नाही. येरळेवरचं बळीराजा धरण लोकांनी उभं केलं. २०१६च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८मध्ये माणमधलं टाकेवाडी. श्रमाची कमी या भागात कधीच नव्हती. फक्त ते श्रम खडक पाहून लावा.

माथ्यावर समपातळी चर, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती, खाली नाला बांध, हा क्रम सर्वांना पाठ आहे. त्यात खडकाची अट घाला : बंधारा जिथं मुरूम किंवा फुटका मांजऱ्या उघडा आहे तिथं मुरवतो, अखंड पाषाणावर बांधला तर फक्त साठवतो. पाझर तलावाचा तळ गाळानं लिंपला गेला असेल तर नवा तलाव बांधण्याआधी जुन्याचा गाळ काढा. गाळ शेतात जातो, तळ मोकळा होतो.

ओढा खोल करताना मात्र हात आखडता घ्या. गाळ काढणं चांगलं. पण गाळ संपून पाणी धरणारा मुरूम-मांजऱ्या कापला गेला, की दोन्ही बाजूंच्या विहिरींचं पाणी त्या चरात उतरतं. ओढ्यात पाणी दिसतं, फोटो चांगला येतो, आणि फेब्रुवारीत काठच्या विहिरी आधीपेक्षा लवकर आटतात. जेसीबी उतरण्याआधी छेद पाहा, किती फुटांवर थांबायचं ते चालकाला लेखी द्या. वाहतं पाणी विहिरीत सोडून पुनर्भरण करायचं असेल तर दगड, खडी, वाळू यांचा गाळण खड्डा आधी करा, आणि खत-औषधाचं रान धुऊन आलेलं पाणी पिण्याच्या विहिरीत कधीही सोडू नका.

बाहेरून आलेलं पाणी

टेंभू, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी ज्या शिवारात आलं आहे तिथं वही दोन भागांत ठेवा. कालव्याला किंवा तलावाला पाणी सोडल्याची आणि बंद केल्याची तारीख लिहा. पाझरानं विहिरी भरतात आणि आपला जलधर सुधारला असा समज होतो. एखाद्या वर्षी आवर्तन लांबलं की खरी पातळी उघडी पडते, तोवर त्या पाण्यावर बारमाही पिकं उभी असतात. त्याच सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी, मिरज-वाळवा-पलूसकडे, जास्तीच्या पाण्यानं जमिनी खारवटल्या आहेत. पातळी जमिनीखाली दोन मीटरच्या आत येऊन तिथंच राहिली तर तोही इशारा आहे, आणि तो तुमच्या टेपवर सर्वांत आधी दिसेल.

यंदा सुरुवात करणाऱ्यांनी मे संपण्याआधी एवढं उरकावं : विहिरी निवडून कठड्यावर ठिपके रंगवणं, थर वाचून छेद काढणं, पहिली पातळी मोजणं आणि पर्जन्यमापक बसवणं. मे महिन्याची पातळी हातून गेली तर ऑक्टोबरात वजाबाकी करायला काही उरत नाही, आणि ताळेबंद वर्षभर पुढं ढकलावा लागतो.